टोबायस काय म्हणाला

"ऑल राइट देन," म्हातारा म्हणाला, आणि यशोधराचा पाय पेडलवरून आपोआप उचलला गेला. टेबलाखालचं ते पेडल दाबलं की रेकॉर्डिंग चालतं, पाय काढला की थांबतं. सात वर्षांत तो पाय तिला न विचारता चालूबंद व्हायला शिकला होता. पण आत्ता तो थांबला तो टाइप करताना मागे पडल्यामुळे नव्हे. म्हाताऱ्याच्या आवाजात काहीतरी खाली ठेवल्यासारखं झालं होतं. माणूस जिना चढताना हातातली जड पिशवी मधल्या पायरीवर टेकवतो, तसं. तिने थोडं मागे जाऊन पुन्हा ऐकलं. आधी सल्लागार बाईंचा स्वच्छ, इस्त्री केलेला आवाज: मागच्या सभेत मिस्टर टोबायस म्हणालेच होते की ते आता वर राहायला जाताहेत, तेव्हा समुद्राकडच्या ओळीचा प्रश्न मिटला असं धरू या. मग एक खुर्ची सरकली. कुणीतरी खोकलं. बाहेर कोंबडा आरवला. आणि मग टोबायस. बरं मग. एवढंच. यशोधराने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. खिडकीबाहेर अंबरनाथची सकाळ होती, समोरच्या इमारतीतली बाई चादर झटकत होती, खालच्या मजल्यावर कुकरला वाफ धरत होती. तिने मात्र पुढचं काही टाइप केलं नाही. कारण मागच्या सभेचं रेकॉर्डिंगही तिनेच ऐकलं होतं, तिनेच तपासून पुढे पाठवलं होतं, आणि टोबायस खरंच तसं म्हणाला होता का, हे तिला या क्षणी छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

रेकॉर्डिंग ज्या बेटावरचं होतं ते कुठलं हे कुणाला सांगायचं नाही असं तिने कंपनीला लिहून दिलं होतं. सांगण्यासारखं तसं कुणी नव्हतंही. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या बेटावरून वादळ गेलं. वारा मोजायचं यंत्रच उडून गेल्यामुळे वारा किती होता ते कुणालाच कळलं नाही. दहातल्या नऊ घरांवरचे पत्रे गेले, जेट्टी गेली, डोंगरावरची झाडं पानं ओरबाडून काढल्यासारखी उभी राहिली. आता तिथलं सरकार आणि बाहेरून आलेले सल्लागार मिळून पुढच्या पंधरा वर्षांची योजना आखत होते. घरं कुठे बांधायची, कुठे मुळीच बांधायची नाहीत, आधी कुठला रस्ता, कुठली शाळा. त्यासाठी चर्चच्या हॉलमध्ये सभा होत, लोकांना विचारलं जाई, त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड होई. मग एक यंत्र त्या बोलण्याचा पहिला मजकूर तयार करी. पण बेटावरची इंग्रजी यंत्राला नीट कळत नसे, म्हणून त्या फायली ठाण्याच्या एका कंपनीकडे येत आणि तिथून अंबरनाथ पूर्वेला यशोधराच्या वनरूम किचनमध्ये. ती ऐकायची आणि यंत्राच्या चुका दुरुस्त करायची. पूर्वी ती एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टेनो होती. कारखाना बंद पडला तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती, आणि साहेब लोकांचं तोंडातल्या तोंडात बोलणं वीस वर्षं ऐकून तिचे कान तयार झाले होते. तेवढंच तिच्याकडे उरलं होतं.

नोव्हेंबरपासून ती त्या हॉलमध्ये राहत होती म्हटलं तरी चाललं असतं. कुणाची शेळी सापडली, कुणाच्या छपराला अजून निळी ताडपत्री आहे, कोण सभेला उशिरा येतं आणि दारातच मोठ्याने नमस्कार करतं, हे तिला माहीत झालं होतं. एका बाईंचं नीरफणसाचं झाड पडलं होतं आणि त्या प्रत्येक सभेत त्या झाडाचा विषय काढत. यंत्र त्या झाडाला, म्हणजे ब्रेडफ्रूटला, दर वेळी पावाचं काहीतरी करून ठेवी, आणि यशोधरा दर वेळी ते दुरुस्त करी. दिवसाकाठी सहा-सात तास ती माणसं तिच्या कानात बोलत, आणि तिला कधीकधी संध्याकाळी दूधवाल्याशी दोन शब्द बोलताना स्वतःचाच आवाज परका वाटे, बरेच दिवस न उघडलेल्या कपाटाच्या दारासारखा. त्या सगळ्यांत टोबायस तिला वेगळा ऐकू यायचा. तो फार बोलत नसे. समुद्रात घुसलेल्या वाळूच्या पट्टीवर नऊ घरांची ओळ होती. त्यातली आठ कुटुंबं डोंगरावरच्या नव्या वसाहतीत गेली होती. नववं घर टोबायसचं. तो एकटा तिथे पत्र्याचे तुकडे जोडून राहत होता. तो जोवर तिथे राहणार, तोवर त्या पट्टीवर विजेचे खांब आणि पाण्याची लाइन योजनेत ठेवावी लागणार होती. तो गेला की खांब नकोत, लाइन नको, तिथे तिवरांची रोपं लावायची असा बेत होता. कागदावर तो शहाणपणाचाच बेत होता. यशोधराला तो पटलाही होता.

तिने मागच्या सभेची फाइल काढली. एक तास अकरा मिनिटांवर तो भाग होता. यंत्राने लिहिलं होतं, 'आय ॲम नाऊ गोइंग'. मी आता जातोय. खाली हिरवी खूण, तपासलं, वाय.एस. म्हणजे ती स्वतः. तिने ऐकलं. हॉलच्या छपराचा एक पत्रा सुटलेला होता, तो वाऱ्याने धडधडत होता, आणि त्या धडधडीत म्हाताऱ्याचे तीन शब्द. बेटावरची माणसं 'आय' आणि क्रियापदाच्या मधलं 'ॲम' खातात, हे तिला ठाऊक होतं. शब्दाच्या टोकाचा ट गिळतात, हेही. 'आय नाऊ गोइंग'. 'आय नॉट गोइंग'. मी आता जातोय. मी जात नाही. तिने ते अकरा वेळा ऐकलं आणि दर वेळी तिला ऐकायचं असेल ते ऐकू आलं.

चहा टाकायला ती उठली आणि गॅसपाशी उभी राहिली तेव्हा तिला ते पहिल्यांदा ऐकलं तो दिवस आठवला. डिसेंबरातली दुपार, हेडफोनची डावी बाजू खरखरत होती. त्या शब्दापाशी तिचा पाय थांबला होता. म्हणजे शंका आली होती. शंका आली की तिथे 'अस्पष्ट' असं लिहायचं, असा नियम होता, आणि ती तो कधी चुकवत नसे. त्या दिवशी चुकवला. कारण त्याच्या आधीची वीस मिनिटं टोबायस वादळाची दुपार सांगत होता. समुद्र स्वयंपाकघरात कसा आला, तो टेबलावर, मग टेबल तरंगायला लागल्यावर खिडकीच्या चौकटीवर कसा उभा राहिला, ते सांगत होता. ते टाइप करता करता यशोधराच्या मनात एकच गोष्ट घट्ट होत गेली होती, की या म्हाताऱ्याने तिथून हलावं. डोंगरावर जावं, सिमेंटच्या घरात झोपावं, पुरे झालं. आणि मग यंत्राने लिहिलेलं तिला दिसलं, मी आता जातोय, आणि तिला बरं वाटलं. तिने हिरवी खूण केली. चूक कानाची नव्हतीच. चहा उतू गेला तेव्हा ती भानावर आली, आणि ओटा पुसताना तिला लक्षात आलं की आपण त्याला ढकललं आहे. त्याच्या भल्यासाठी, हलक्या हाताने, दहा हजार मैलांवरून, एका शब्दाने.

भलं करण्याची तिला सवय होती. साडेसहा वर्षांपूर्वी, जुलैतल्या त्या शनिवारी, उल्हास नदी बदलापूर गावात शिरली तेव्हा तिची आई चांगुणा घरात एकटी होती. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर. वडिलांनी, शिवरामने, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस वर्षं सायकलने जाऊन येऊन ते बांधलेलं. आई भिंतीवरचे फोटो गोधडीत गुंडाळून माळ्यावर चढली आणि पाणी उतरेपर्यंत चौदा तास तिथे बसून राहिली. यशोधरा दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा फ्रिज आडवा पडला होता, तांदूळ फुगून पोतं फाटलं होतं, आणि आई दोरीला चिमटे लावून रेशनकार्ड, लाइट बिलं, वडिलांची पेन्शनची कागदपत्रं वाळत घालत होती. तलाठी येऊन पंचनामा करून गेला. 'घर अंशतः बाधित.' त्या आठवड्यात यशोधराचं आणि पुण्याच्या भावाचं, आकाशचं, तीनदा फोनवर बोलणं झालं. ताई, आता पुरे, आईला मी इकडे आणतो, आकाश म्हणाला. त्यांनी सगळ्याचा विचार केला. आई कुठे झोपेल, तिची बीपीची गोळी, वाकडला जवळ दवाखाना कुठला, रेशनकार्ड कसं बदलायचं, घर विकायचं की भाड्याने द्यायचं. फार नीट योजना होती ती. पुढच्या रविवारी यशोधरा टेम्पो घेऊन गेली. आई नळाखाली चिखलाची भांडी घासत होती. टेम्पो बघून तिने विचारलं, कुणाचा? आपला, यशोधरा म्हणाली. आई पातेलं हातात धरून थोडा वेळ तशीच बसली. मग म्हणाली, थांब, हात धुते. यशोधराने ते होकार म्हणून घेतलं. दुसरं काय म्हणून घ्यायचं असतं? पुढच्या सीटवर आई ताठ बसली होती आणि वाकडपर्यंत एकदाही पाठ टेकली नव्हती, हे तिला नंतर आठवलं. नंतर म्हणजे किती नंतर, तर आज.

दुसऱ्या दिवशी ती उल्हासनगरला गेली. चांगले हेडफोन घ्यायला, असं तिने स्वतःला सांगितलं. कॅम्प नंबर तीन. फाळणीनंतर माणसं तिथे छावणीत तात्पुरती म्हणून आली होती, त्याला पाऊणशे वर्षं झाली. माणसं गेली नाहीत आणि नावातून कॅम्पही गेला नाही. त्या नावाचा तिने आजवर कधी विचार केला नव्हता. रिक्षातून उतरून ती कापडाच्या, मग फर्निचरच्या, मग मोबाइलच्या गल्लीतून चालत गेली. दुकान दोन माणसं उभी राहतील एवढं होतं. सिंधी दुकानदार साठीचा, नाकावर चष्मा, समोर चहाचा कागदी कप.

"ओरिजिनल दूँ या चलने वाला?" त्याने विचारलं.

"ज्यात नीट ऐकू येईल ते."

"गाना सुनना है?"

"नाही. माणसाचा आवाज."

त्याने तीन खोके काढले. ती एकेक लावून तोच तुकडा ऐकत राहिली. तिसऱ्या जोडीत पत्र्याची धडधड जरा मागे सरकली आणि म्हाताऱ्याचा श्वास पुढे आला. पण शब्द? तिला आता स्वतःच्या कानांवर भरवसा नव्हता. डिसेंबरात तिला त्याने जायला हवं होतं, आज त्याने जाऊ नये असं हवं होतं, आणि दोन्ही वेळा कान तिच्या मनाचं ऐकत होते. तिने हेडफोन काढून दुकानदारापुढे धरले. रेकॉर्डिंग कुणाला ऐकवायचं नाही, हेही तिने लिहून दिलं होतं.

"जरा ऐकता का? हा माणूस काय म्हणतोय?"

त्याने चष्मा वर सरकवला, डोळे मिटले, दोनदा ऐकलं. "मना कर रहा है," तो म्हणाला.

"इंग्रजी येतं तुम्हाला?"

"इंग्लिश छोड़ो, मॅडम. गिराक का 'ना' मैं पीठ से पहचानता हूँ. हाँ बोलने वाला साँस छोड़ता है. ये देखो, इसने पकड़ के रखा." त्याने हेडफोन परत दिले. "कौन है, आपका कोई है?"

"नाही," यशोधरा म्हणाली. "कामाचं आहे."

तिने ते हेडफोन घेतले. परतीच्या रिक्षात तिने पुन्हा ऐकलं, आणि आता तिला ते ऐकू आलं. शब्दाच्या शेवटी ट नव्हता, पण ट जिथे असायला हवा तिथे जीभ टाळूला लागून थांबली होती. एक बारीकशी बंद जागा. 'नाऊ' उघडा राहतो, हा मिटत होता. एकदा कळल्यावर दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, मॅडम, पूर्वेला ना? तर ती हो म्हणाली, आणि आपल्या त्या 'हो'मधून श्वास सुटला का, हे तिने लक्ष देऊन ऐकलं.

विनीत कंपनीत तिच्या फायली बघत असे. सत्ताविशीचा मुलगा, कधी प्रत्यक्ष भेटला नव्हता, पण फोनवर अदबीने बोलायचा.

"मॅडम, ती फाइल क्लोज झालीय. क्लायंटकडे जाऊन दोन महिने झाले."

"माझ्याकडून चुकलंय त्यात. एक शब्द."

"एकच शब्द ना? मग आत्ताच्या फाइलमध्ये कॉमेंट टाका. मागचं कशाला उघडायचं?"

"त्या शब्दावर ते त्याला तिथून हलवताहेत. सभेत वाचून दाखवलं त्यांनी. तू असं म्हणालास म्हणून सांगितलं त्याला."

"मग तो काही बोलला नाही?"

"बरं म्हणाला."

"मग झालं ना, मॅडम. त्याला चालतंय."

"त्याला चालत नाहीये, विनीत. तो दमलाय."

"थांबा, मी ऐकतो." तिला पलीकडून तोच पत्रा, तोच श्वास बारीक ऐकू आला. "मला दोन्ही वाटतंय, खरं सांगू का."

"मलाही तेव्हा दोन्ही वाटलं होतं. मी अस्पष्ट लिहायला हवं होतं. नाही लिहिलं."

"मी पाठवतो पुढे. पण मेजर एरर लागेल तुमच्या नावावर. पुढची कामं कमी येतील. ते माझ्या हातात नाही."

"लागू दे," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. घरात फक्त पंख्याचा आवाज होता. तिने पंखा बंद केला, आणि मग घरात काहीच आवाज नव्हता.

त्यानंतर तीन आठवडे बेटावरून एकही फाइल आली नाही. दुसरीच कामं आली, कुठल्याशा विमा कंपनीचे फोनकॉल, आणि तीही थोडी. दुपारी ती नुसती बसून असे. बेटावर आता काय वाजलं असेल याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप चाले. तिथे पहाट, टोबायस उठला असेल, पत्र्याच्या फटीतून समुद्र दिसत असेल. त्याचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता, आणि आता त्याला आपल्या वडिलांचे खांदे आले होते, सायकल हातात धरून चढ चढणारे. एका रविवारी ती उठून बदलापूरला गेली. घर विकल्यापासून ती त्या गल्लीत पाय ठेवायला गेली नव्हती. स्टेशनपासून गावापर्यंत नव्या इमारतींच्या मधून रिक्षा गेली, आणि मग रस्ता अरुंद झाला, आणि नदीचा तो ओलसर, शेवाळी वास आला. घर ज्याने घेतलं त्याचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता. पुढच्या खोलीत लाल मखमलीच्या खुर्च्या एकावर एक छतापर्यंत रचल्या होत्या. आई जिथे झोपायची तिथे प्लॅस्टिकच्या फुलांच्या कमानी. दाराला जाळीचं शटर. तिला वाटलं होतं रडू येईल. पण खुर्च्या एवढ्या नीट रचल्या होत्या की तिला फक्त आपण चुकीच्या पत्त्यावर आलोय असं वाटलं.

शेजारच्या ओट्यावर गोदूमावशी वाल सोलत बसली होती. आईची जुनी शेजारीण, नऊवारी नेसणारी, आता पार वाकलेली. तिने ओळखायला वेळ घेतला.

"शिवरामची पोर ना तू? आयस बरी हाय ना तुजी?"

"बरी आहे. पुण्याला आहे, आकाशकडे."

"म्हाईत हाय." गोदूमावशीने एक दाणा टोपलीत टाकला. "जाताना मना चावी दिली व्हती तिनं. बोलली, गोदे, चार दिसांनी येते, तुळशीला पानी घाल."

यशोधरा ओट्याच्या कडेला बसली. "चार दिवसांनी?"

"चार दिसांनी. मी घातलं पानी. तो मानूस आला नि त्यानं कुलूपच बदललं, मंग काय." गोदूमावशीने तिच्याकडे पाहिलं, त्या पाहण्यात राग नव्हता, कुतूहल होतं. "तुमाला बोलली नव्हती ती?"

"नाही," यशोधरा म्हणाली. मग तिने टोपलीतल्या चार शेंगा घेतल्या आणि सोलायला लागली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. दोघींनी सगळे वाल सोलून संपवले. गोदूमावशी तिच्या नातीच्या लग्नाचं सांगत होती. यशोधरा हं, हं करत होती, आणि आत मात्र टेम्पोच्या पुढच्या सीटवर आई ताठ बसली होती, चार दिवसांसाठी निघालेली. गाडी एकेक वळण घेत होती, आणि मागे भांडी, गोधड्या, फोटो, शिलाई मशीन, सगळंच बांधलेलं तिला आरशात दिसत असणार. चार दिवसांसाठी शिलाई मशीन कोण नेतं? कुठल्या वळणावर कळलं असेल आईला? आणि कळल्यावरही ती काही बोलली नाही, की बोलली तेव्हा यशोधरा ड्रायव्हरला रस्ता सांगण्यात गुंतली होती?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बेटाची फाइल आली. सभा सुरू होताच सल्लागार बाईंनी एक कागद वाचला. मागच्या एका नोंदीत शब्दांकनाची चूक झाल्याचं आम्हाला कळवण्यात आलं आहे. मिस्टर टोबायस यांनी जायला होकार दिला नव्हता, नकार दिला होता. तेव्हा समुद्राकडच्या ओळीचा निर्णय मागे घेतला आहे. खांब आणि पाण्याची लाइन योजनेत राहतील, आणि दोन वर्षांनी पुन्हा विचार होईल. याबद्दल आम्ही मिस्टर टोबायस यांची माफी मागतो. मिस्टर टोबायस? यशोधराने पेडल दाबून धरलं होतं, तिची पोटरी दुखायला लागली होती. मिस्टर टोबायस आहेत का?

मग नीरफणसाच्या झाडाची बाई बोलली. तो नाही, ती म्हणाली. तो गेला. मंगळवारी गेला, दुसऱ्या बेटावर, बहिणीकडे. तुम्ही त्याला सांगितलंत की तू होय म्हणालास, तेव्हा तो माझ्या घरी येऊन मला म्हणाला, मी तसं म्हणालो असेन, मला आता आठवत नाही. कुणीतरी हळहळलं. सल्लागार बाई काहीतरी बोलू लागल्या, त्यांचा इस्त्रीचा आवाज पहिल्यांदाच चुरगळला होता. पण ती बाई थांबली नाही. ते असू दे, ती म्हणाली. तुम्ही वहीत लिहा. तो नाही म्हणाला होता, हे लिहा. मी त्याला कळवीन की लिहिलंय.

यशोधराने ते लिहिलं. यंत्राने त्या बाईच्या बोलण्यात नऊ चुका केल्या होत्या. तिने एकेक दुरुस्त केली, स्वल्पविरामसुद्धा. मग फाइल अर्धवट ठेवून तिने फोन घेतला. दुपारचे तीन वाजले होते. या वेळी आकाश आणि त्याची बायको कामावर असतात, आई घरात एकटी असते. ती एरवी रविवारी फोन करी, तोही आकाशच्या फोनवर, आणि दोन मिनिटं आईशी बोले.

"काय गं? बरी आहेस ना?" आईचा आवाज घाबरला होता.

"बरी आहे. सहज केला."

"आज काय वार?"

"गुरुवार."

पलीकडे टीव्ही चालू होता. आईने तो बारीक केला. जेवण, गुडघा, आकाशच्या मुलीची परीक्षा, एवढं बोलून झालं.

"मी बदलापूरला गेले होते," यशोधरा म्हणाली. "गोदूमावशी भेटली."

"आहे का अजून?"

"आहे. तुझी चावी सांभाळून आहे." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आई, तुला तिथून यायचं नव्हतं ना?"

टीव्ही पूर्ण बंद झाला. "आता काय त्याचं."

"सांग ना."

"तू कुठे विचारलंस? तू टेम्पो सांगून आली होतीस."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं." आईने हे लगेच सांगितलं, कधीपासून तयार ठेवल्यासारखं. "आणि आले असते. भिंत फुगली होती, राहणार कुठे होते मी. तुमचंही काही चुकलं नाही. पण नाही म्हटलं असतं आधी." मग जरा वेळाने, हळू आवाजात, "दुपारी म्हणते कधीकधी. कोणी नसतं तेव्हा. लिफ्टचा आवाज थांबला की मोठ्यानं म्हणते."

यशोधराला ती वाकडची खोली दिसली. सातवा मजला, सरकत्या काचा, आणि मधोमध उभी राहून रिकाम्या घराला नकार देणारी तिची आई. साडेसहा वर्षांत किती दुपारी.

"आता म्हण," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

"काहीतरीच. तू आहेस ना आता फोनवर. लाज वाटते."

"बरं, राहू दे."

"ठेवते मग," आई म्हणाली. पण तिने फोन ठेवला नाही. यशोधरानेही ठेवला नाही. पलीकडे कुठेतरी लिफ्टचं दार लागलं, लिफ्ट खाली जाताना घरघरली आणि थांबली. आईने श्वास आत घेतला. तो तिने सोडला नाही, हे यशोधराला स्पष्ट ऐकू आलं.

"मी येत नाही," आई म्हणाली.

यशोधराने समजूत घातली नाही, कारण विचारलं नाही. पुण्याला दवाखाना जवळ आहे असं सांगितलं नाही. ती फोन कानाला लावून खुर्चीत बसून राहिली, आणि पलीकडे आईचा श्वास आधी जोरात, मग हळूहळू ठिकाणावर येत गेला.